झोक्याची तुळई

बबनतात्यांचं नाव आधीच सांगून टाकते. नाहीतर माझं सगळं सांगून होईल आणि त्यांचं नाव शेवटी कुठंतरी एका ओळीत उरकलं जाईल. बबनतात्या सुतार, वडगाव निंबाळकरचे. वय विचारलं तर म्हणतात, "धा वर्सांपास्नं साठच चाललंय." जुन्या मोपेडवरून येतात. पायाशी हत्यारांची पिशवी, मागं बांधलेली छत्री. एके काळी बैलगाड्या करायचे, चाकासकट. आता बारामतीत नव्या बंगल्यांच्या स्वयंपाकघरात ट्रॉल्या बसवतात आणि बसवता बसवता प्लायवूडला शिव्या देतात. त्यांच्यामुळं एका नागपंचमीला आमच्या बागेत कुणाचं हाड मोडलं नाही, आणि त्यांच्यामुळंच मी अजून त्या बागेत कामाला आहे. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी झाल्या. काय झालं ते सांगते, पण त्याआधी हे नाव नीट लिहून ठेवावंसं वाटलं.

आत्ता आषाढ संपत आलाय. अमावास्या झाली की पाचव्या दिवशी नागपंचमी. इंदापूरच्या बाजूला आषाढात पाऊस कमी, वाराच जास्त. ढग येतात, वाकून बघितल्यासारखं करतात आणि पुढं निघून जातात. मधेच भुरभुर सुरू होते ती दोन-दोन दिवस थांबत नाही. त्यानं रान भिजत नाही, पण लाकूड भिजतं. आज सकाळी बागेचं फाटक चौकटीत अडकलं तेव्हाच ओळखलं की ते दिवस आले. उन्हाळाभर एका बोटानं उघडणारं फाटक आता खांदा लावल्याशिवाय हलत नाही. नव्यानं कामाला लागलेले माळीकाका म्हणाले, "रंधा मारून घे की जरा." मी नको म्हटलं. आत्ता रंधा मारला तर दिवाळीनंतर मांजर आत-बाहेर करेल एवढी फट पडते. फुगलेलं लाकूड फुगू द्यायचं असतं.

हे मी असं सांगतेय जसं काही लहानपणापासून मला माहीत होतं. तसं काही नाही. मी भंडारा जिल्ह्यातली, साकोलीच्या पलीकडची. आठवी झाली आणि शाळा सुटली. रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस होते, आईला धानाच्या बांधीत हात हवा होता. पंधरा दिवस म्हणून घरी राहिले ती राहिलेच. कुणी मारून-मुटकून शाळा सोडवली असं नाही. नंतर लग्न झालं, नवऱ्याला दुधाच्या टँकरवर ड्रायव्हरची नोकरी लागली, आणि आम्ही इतक्या लांब आलो. इथं आल्यावर पहिले सहा महिने मी बोलायचीच कमी. 'का' म्हणायच्या जागी 'काहून' म्हटलं की बाया हसायच्या. वाईट हसणं नव्हतं ते, पण मी घाबरट. कुणी काही विचारलं की माझ्या तोंडून आधी 'हो' निघायचं, मग मी विचार करायची.

बागेत काम मिळालं तेही तशाच एका 'हो'मुळं. बारामतीहून इंदापूरकडं जाताना कालव्याच्या अलीकडं ही बाग आहे. शहरातली माणसं थंडीत हुरडा खायला, एरवी शेत बघायला, फोटो काढायला येतात. अश्विनीवहिनी तिच्या मालकीणबाई. त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं, "तुमच्याकडं जंगलं आहेत ना? मग तुला लाकडाचं कळत असेल." मी म्हटलं, हो. जंगल होतं आमच्याकडं, खोटं नव्हतं. पण जंगलात सागाची पानं वेचणं वेगळं आणि तो साग तुळई होऊन उघड्यावर उभा राहिला की त्याला सांभाळणं वेगळं.

सांभाळायचं होतं ते एवढं. चार बाकडी, एक फाटक, ओढ्यावरचा छोटा पूल, आठ खांबांची गोल छत्री, आणि मधोमध मोठा मांडव. वहिनी त्याला परगोला म्हणतात. तात्या मांडवच म्हणतात. "पत्रा न्हाय, पाचट न्हाय, वरनं ऊन खाली येतंय, ह्याला विंग्रजी नाव पायजेच," असं पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाले होते. सहा खांब, दोन लांब तुळया, वर आडवे चौदा वासे, त्यावर मधुमालतीचा वेल. सगळं सागवानी. बारा महिने उघड्यावर.

थंडीत या लाकडाला वेगळाच त्रास. ऊसतोड झालेल्या रानात पाचट पेटवतात, आणि वाऱ्यावर काजळीचे लांब काळे तुकडे तरंगत येऊन बाकड्यांवर बसतात. पहिल्या वर्षी मी ओल्या फडक्यानं पुसायला गेले, तर चारही बाकडी शाई सांडल्यासारखी झाली. पाहुण्या बाई पांढऱ्या ड्रेसवर बसून उठल्या आणि मग जे काय बोलल्या ते मी इथं लिहीत नाही. काजळी कोरड्या झाडूनं झाडायची, तीही सकाळी दव वाळल्यावर. एवढीशी गोष्ट, पण ती शिकायला मला एक ड्रेस लागला.

ऊन तापायला लागलं की काळे भुंगे येतात. मोठे, अंगठ्याएवढे. वाशाच्या खालच्या अंगाला ते असं गोल भोक पाडतात की ड्रिल मशीननं मारल्यासारखं. खाली पिवळा भुसा पडलेला दिसला की वर बघायचं. तात्यांनी मला भोकात निंबाचं तेल सोडून वरून खुंटी ठोकायला शिकवलं. मी म्हटलं, "एकच तर आहे तात्या, राहू द्या बिचाऱ्याला." "ऱ्हाऊ दे की," ते म्हणाले, "फुडच्या साली सोयरं घिऊन यील, मग तू त्यास्नी चा टाक."

एप्रिल-मेमध्ये लाकूड आक्रसतं. चिरा पडतात, आगपेटीची काडी उभी राहील अशा. स्क्रूंची डोकी वर येतात आणि बाकड्यावरून उठणाऱ्या बाईचा पदर धरून ठेवतात. तेव्हा मी पान्याची पिशवी घेऊन सगळीकडं फिरते, दाबते, आवळते. वैशाखात तेलाचा हात. जवसाचं तेल उन्हात ठेवून कोमट करायचं, पहिल्या हाताला त्यात थोडं टर्पेंटाइन, म्हणजे ते आत उतरतं. दुसरा हात नुसत्या तेलाचा. खांबाच्या बुडाला आणि तुळईच्या तोंडाला तिसरा. लाकडाची तोंडं, म्हणजे जिथं ते आडवं कापलेलं असतं, तिथून ते सगळ्यात जास्त पितं. तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत, ती आपली आपण पेटतात. मला हे खरं वाटलं नव्हतं. तात्यांनी त्यांच्या पत्र्याच्या शेडचा जळका कोपरा दाखवला तेव्हा वाटलं. तेव्हापासून आमच्या कुंपणावर वैशाखात फडकी वाळत असतात, कुणाच्या घरचं धुणं वाटावं तशी.

वैशाखातला तो आठवडा मला आवडतो. हाताला तेलाचा वास राहतो, भाकरी थापतानाही येतो. लाकूड तेल पिताना रंग बदलतं. राखाडी होतं ते हळूहळू तांबूस होतं. आमच्याकडं पहिल्या पावसानंतर बांधीची माती अशी गडद व्हायची. तेवढ्यापुरतं घर जवळ आल्यासारखं वाटतं.

चूक झाली ती मात्र आषाढात. तीन वर्षं झाली त्याला.

वहिनींना लग्न ठरलेल्या मुलामुलींच्या फोटोंची कामं यायला लागली होती. एका जोडप्याला पांढरा मांडव हवा होता. वहिनी बुधवारी म्हणाल्या, "रविवारी येणारेत. शनिवारपर्यंत पांढरा ऑइल पेंट मारून होईल ना?" मी म्हटलं, हो. त्याआधी तीन दिवस भुरभुर होती. गुरुवारी ऊन पडलं. त्याच दिवशी तात्या फाटकाच्या बिजागरीला आले होते. मी रंगाचे डबे उघडतेय बघून जवळ आले, तुळईवर तळहात ठेवून उभे राहिले, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा.

"आत्ता हात लावू नगंस हिला," ते म्हणाले. "वरनं वाळल्याली दिसती. पोटात पाणी हाय."

"वहिनींना रविवारी पाहिजेय."

"मग वहिनींला सांग, दसऱ्यानंतर मारू म्हनावं. लाकूड पाणी पितं आन् उन्हात सोडतं. तू वरनं रंग मारलास तर सोडायची वाटच बंद."

मी मान हलवली. तेही एक 'हो'च. तात्या गेले. शुक्रवारी सकाळी वहिनींचा पुण्याहून फोन आला, आणि त्यांनी सरळ विचारलं, "लाकूड वाळलंय ना गं नीट?" म्हणजे बघा, त्यांनी विचारलं होतं. मला फक्त 'नाही' म्हणायचं होतं. मी म्हटलं, "हो वहिनी."

का म्हटलं, याचं उत्तर मी बरेच दिवस शोधत होते. वहिनी काही ओरडणाऱ्या नाहीत. पण नाही म्हटलं की आपली गरज संपते, असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलं होतं. आठवी शिकलेली, इतक्या लांबची, आपल्याला ठेवलंय ते आपण हो म्हणतो म्हणून.

रविवारचे फोटो फार सुंदर आले. पांढरा मांडव, गुलाबी मधुमालती. वहिनींनी ते मोबाइलवर मला दाखवले, म्हणाल्या, "बघ, तुझ्या हातचं आहे हे."

पावसाळा सरला तसे रंगावर फुगे यायला लागले. आधी भुईमुगाच्या दाण्याएवढे. मी सुईनं टोचायची, आतून पाणी यायचं, ते पुसून वर पांढऱ्या रंगाचा एक ठिपका द्यायची. थंडीत फुगे थांबले. मला वाटलं, सुटले. वैशाखात सगळ्या लाकडाला तेल लावलं, मांडवाला लावता येईना. रंगावर तेल कुठलं उतरतंय. मी त्याच्या खालून जाताना वर बघायचं बंद केलं. तात्या दोनदा काही ना काही कामाला आले, दोन्ही वेळा मी त्यांना त्या गोल छत्रीकडून नेलं आणि छत्रीकडूनच परत आणलं. आईचा फोन यायचा, "बरं आहे ना बाई?" हो. नवरा विचारायचा, "काम जमून रायलं ना?" हो.

पुढच्या वर्षी वहिनींनी ठरवलं, नागपंचमीला झोके बांधायचे. बारामतीतल्या महिला मंडळाच्या चाळीसेक बायका येणार होत्या. मेंदी, फुगड्या, पुरणाची दिंडं आणि मांडवाच्या तुळईला दोन झोके. आमच्याकडं नागपंचमीला झोके नसतात, म्हणून मलाही उत्सुकता होती. आदल्या दिवशी ट्रॅक्टरवरच्या गड्यांनी दोर टाकून पाट बांधले. मी तेव्हा दुधाच्या चरव्या घासत होते. मुद्दाम घासत होते, खरं सांगायचं तर.

नागपंचमीच्या सकाळी मला फुलांच्या माळा लावायला स्टुलावर चढावं लागलं. तोल सावरायला मी तुळईचं टोक धरलं, जिथं ती खांबावर टेकते तिथं. अंगठा आत गेला. रंग तसाच गुळगुळीत, पण त्याच्या खाली धरायला काही नव्हतं. जास्त पिकलेल्या सीताफळावर बोट दाबावं तसं झालं. तिथून हातभर अंतरावर झोक्याचा दोर होता.

मी खाली उतरले आणि तात्यांना फोन लावला.

"तात्या, तुळई मऊ लागतेय."

"कंची?"

"झोक्याची."

पलीकडं त्यांच्या घरात भांडी वाजत होती, बायका हसत होत्या. मग म्हणाले, "कुनाला बसू दिऊ नगंस. आलोच."

अर्ध्या तासानं मोपेड आली. तात्या पांढऱ्या शुभ्र कपड्यांत, डोक्याला टोपी, आणि हत्यारांची पिशवी नाही. पिशवीशिवाय मी त्यांना पहिल्यांदा बघत होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं. नागपंचमीला इथं कुणी कापत नाही, चिरत नाही, खणत नाही. बायका भाजी चिरत नाहीत, तवा ठेवत नाहीत. तात्यांच्या घरात त्या दिवशी करवत भिंतीवरून खाली येत नाही. मी मनात धरलं होतं की ते येतील, एखादा टेकू लावतील, आणि कुणाला काही सांगावं लागणार नाही.

ते स्टुलावर चढले आणि बोटाच्या पेरानं तुळई वाजवत गेले. मधे टण् टण् आवाज. टोकाकडं सरकले तसा बद्द झाला. दोन्ही टोकांना तसंच. दुसऱ्या तुळईचं एक टोक तसंच.

ट्रॅक्टरवरचा गडी म्हणाला, "तात्या, लोखंडी पाइपचा टेकू देऊ की. त्याला कुठं कापायला लागतंय?"

"टेकू खालनं देशील रं, वर धराया काय हाय?" तात्या म्हणाले. "भाकरीला खिळा ठोकतूस व्हय?"

ते खाली उतरले. गडी दोर सोडायला गेला. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. कुणी रंगवलं, कधी रंगवलं, काही विचारलं नाही. मीच म्हटलं, "तात्या, वहिनींना तुम्ही सांगाल का? तुमचं ऐकतात त्या."

"लाकडाचं मी सांगतो," ते म्हणाले. "रंगाचं तुझं तू सांगायचं."

"मला काढतील."

"काढतील बी. पर बाया पडल्या आस्त्या तर?"

वहिनी वारुळाची पूजा करून येत होत्या, हातात ताट, ताटात लाह्या. तात्यांनी त्यांना सांगितलं की तुळया गेल्यात, आज इथं झोका नको. वहिनींनी आधी विश्वासच ठेवला नाही. "अहो, वर्षभरापूर्वी तर रंग दिलाय." मग तात्या गप्प बसले आणि माझ्याकडं वळूनही बघितलं नाही. ती जागा त्यांनी माझ्यासाठी मोकळी ठेवली होती.

मी सांगितलं. ओलं होतं, तात्यांनी नको म्हटलं होतं, तुम्ही विचारलं तेव्हा मी खोटं बोलले, फुगे आले ते मी वर्षभर झाकत होते. सगळं एका दमात. सांगताना मी ताटातल्या लाह्यांकडं बघत होते.

वहिनींनी मान वर करून मांडवाकडं बघितलं. मग म्हणाल्या, "रोज भेटतेस. सकाळ-संध्याकाळ. एकदा तोंड उघडलं नाहीस?"



"माझ्या दोन पुतण्या येणारेत आज," त्या म्हणाल्या. "पहिल्या त्याच बसल्या असत्या." आणि पुढं म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नकोस."

तेव्हा तात्या बोलले. आवाज चढवला नाही. टोपी काढून हातात घेतली, एवढंच.

"वहिनी, तुमची बाग, तुमचा माणूस. म्या काय बोलावं? पर हिनं आज बोट लावून फोन केला. न करता माळ लावून खाली उतरली आस्ती तर कुनाला कळलं आस्तं? हिला काढायची आसल तर काढा. मग ह्यो मांडव बी दुसऱ्याकडनं करून घ्या. मी येनार न्हाय."

वहिनींनी ताट बाकड्यावर ठेवलं. "झोके कुठं बांधायचे मग?" एवढंच त्या म्हणाल्या. माझ्याशी त्या दिवशी त्या पुन्हा बोलल्या नाहीत, पण उद्यापासून येऊ नकोस हेही पुन्हा म्हणाल्या नाहीत.

झोके गोठ्यामागच्या मोठ्या कडुलिंबाला बांधले. तिथं चिखल होता, शेणाचा वास होता, आणि मंडळाच्या बायका चांगल्या साड्या नेसून आल्या होत्या. दोघी-तिघींनी नाकं मुरडली. पण त्यांच्याबरोबर बावड्याच्या एक म्हाताऱ्या आत्या आल्या होत्या, त्यांनी पदर खोचला आणि पाटावर जाऊन बसल्या. "झोका झाडालाच आस्तो गं बायांनो. मांडवाला कोन बांदतं? ढकल गं जोरात, भंडाऱ्याची का कुठली तू!" मी ढकललं. त्यांचे पाय लिंबाच्या पानांना लागले तेव्हा त्या एवढ्या मोठ्यानं हसल्या की बाकीच्यांनी नाकं खाली केली.

मांडव मात्र तसाच उभा होता. त्या दिवशी तो उतरवता येत नव्हता. त्याला कापल्याशिवाय उतरवणं शक्य नव्हतं, आणि कापणं उद्यावर होतं. आम्ही भोवती दोर बांधला. पण पांढरा मांडव, फुलांच्या माळा. बायकांबरोबर आलेली पोरं दोराखालून वाकून आत पळायची, मागून त्यांच्या आया मोबाइल घेऊन. मग तात्यांनी एक प्लास्टिकची खुर्ची आणली आणि मांडवाच्या तोंडाशी टाकून बसले. मी म्हटलं, "तात्या, मी बसते, तुम्ही जा." ते म्हणाले, "पोरं दोरीचं ऐकत न्हाईत, तुझं बी न्हाय ऐकायची. म्हाताऱ्याचं ऐकत्यात." आणि छत्री जमिनीवर आपटून एका पोराला असं दटावलं की ते सरळ लिंबापर्यंत पळालं.

दुपारी मी त्यांच्यासाठी दिंडं घेऊन गेले. ते फोनवर बोलत होते. पलीकडचा आवाज मोठा होता, मला ऐकू आलं. त्यांची मुलगी सुमन. मंगळवेढ्याला दिलेली, सणाला माहेरी आलेली, वर्षातून एकदाच येते ती. "आप्पा, कवा येताय? दिंडं गार झाली. पोरगं आजा-आजा करतंय." तात्या म्हणत होते, "आलोच. थोडं काम हाय. आलोच म्हन्तो न्हवं." फोन ठेवून त्यांनी माझ्या हातातली ताटली घेतली. "तुमची दिंडं फुटल्यात," म्हणाले, आणि खाल्ली.

शेवटची गाडी गेली तेव्हा दिवस मावळत होता. तात्या तेव्हा उठले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं सुमन सासरी गेली. हे मला तात्यांनी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ते करवत घेऊन आले तेव्हा मीच विचारलं, मुलगी आहे का अजून? म्हणाले, "गेली की. साताच्या गाडीनं." आणि करवतीला धार आहे का बघायला लागले.

तुळईचं टोक कापलं तेव्हा ते खाली पडलंही नाही नीट. भिजलेल्या पावासारखं तात्यांच्या हातात आलं. त्यांनी ते माझ्या ओंजळीत दिलं. आत पांढऱ्या दोऱ्यांसारखी बुरशी होती, आणि वर माझ्या हातचा चकचकीत रंग. मी ते फेकलं नाही लगेच. थोडा वेळ धरून उभी राहिले. वहिनींच्या पुतण्या पंधरा-सोळा वर्षांच्या होत्या.

त्या दिवाळीनंतर नव्या तुळया बसल्या. रंग नाही, नुसतं तेल. खांबांवरचा पांढरा रंग मी पॉलिश पेपरनं घासून काढला, दीड महिना लागला त्याला. वहिनी हळूहळू बोलायला लागल्या. चहा विचारायला लागल्या. चाव्या परत माझ्याकडं आल्या. पण एक गोष्ट त्यांनी स्पष्ट सांगितली: "लाकडाचं मात्र तुझ्या शब्दावर नाही. तात्यांनी हो म्हटलं तरच." मला राग नाही आला. माझ्या शब्दाची मीच काय गत करून ठेवली होती, ते मला माहीत होतं.

म्हणून गेल्या नागपंचमीलाही तात्या आले. सकाळी तुळया वाजवल्या, "बसा खुशाल" म्हणाले. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही आहात तोवर मला धीर राहील, संध्याकाळपर्यंत थांबा ना." तात्या थांबले. मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "सुमनताई आली असेल. तुम्ही जा, मी बघते." ते हसले. "तुझ्या शब्दावर बसतील का बाया?" आणि "आजून न्हाय," तेच म्हणाले. चिडवण्यासारखंही नाही, दुखावण्यासारखंही नाही. फाटक अजून अडकतंय म्हणावं, तसं.

तर यंदा मी रोज वाजवतेय. सहा खांब, दोन तुळया, चौदा वासे. पेरानं, तळहातानं, कान लावून. भिजल्यावर आवाज कसा बदलतो, ऊन पडल्यावर किती वेळानं परत येतो, हे मी एका वहीत लिहून ठेवतेय. वही वहिनींच्या टेबलावर असते, उघडी. गेल्या आठवड्यात तिसऱ्या खांबाच्या बुडाशी आवाज मला बरा वाटला नाही. मी लगेच जाऊन सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "खात्री आहे?" मी म्हटलं, "नाही. पण शंका आहे." त्यांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि माती उकरायला माणूस दिला. बुडाशी बोटभर कुजलं होतं. एवढ्यानं सगळं फिटलं असं नाही. यंदाच्या नागपंचमीलाही तात्यांना निरोप गेलाच आहे.

पण तात्या, हे तुम्ही वाचाल किंवा तुम्हाला कुणी वाचून दाखवेल, म्हणून लिहून ठेवते. माझ्यामुळं तुमचे दोन सण गेलेत, यंदाचा धरून तीन. एक नागपंचमी अशी येईल की वहिनी मला विचारतील, "झोका बांधू का?" आणि मी जे सांगेन तेवढ्यावर बायका पाटावर बसतील. त्या दिवशी खुर्ची टाकून मी बसेन, दिवस मावळेपर्यंत. तुम्ही वडगावला घरी असाल, सुमनताईच्या पोराला मांडीवर घेऊन, आणि दिंडं गरम असतील. कोणतं वर्ष ते मला सांगता येत नाही. पण ते वर्ष मी आणणार आहे.